कंदीलवाल्याची सावली

३ नोव्हेंबर, सोमवार

ही वही थेंबांसाठी आणली. दवाखान्यातल्या सिस्टरने बजावलं, कुठले थेंब किती वाजता घातले ते लिहून ठेवा, नाहीतर घोळ होतो. ऑपरेशन गुरुवारी, म्हणजे तोवर वही रिकामी. रिकामं पान मला बघवत नाही, म्हणून लिहिते. माझी शाळा चौथीत संपली. पुढचं लिहिणं मी सोफ्याच्या खोळींवर मापाच्या चिठ्ठ्या टाचता टाचता शिकले, तेव्हा माझ्या अक्षराला कोणी हसू नये.

विहीणबाई आज येऊन दाखल झाल्या. सुनेची आई. एकट्या राहतात. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. एक डोळा लहानपणीच गेलेला, त्याने फक्त उजेड-अंधार कळतो. आता चांगल्या डोळ्याच्या आतल्या पडद्याला भोक पडलंय, म्हणजे सगळी भिस्त ज्याच्यावर तोच फाटला. सून दिवसभर ऑफिसात, मुलगा कामासाठी दोन महिने बाहेर. घरात उरलं कोण, तर मी.

सून म्हणाली, "अहो आई, जमेल ना तुम्हाला?" मला ती 'अहो आई' म्हणते आणि स्वतःच्या आईला 'ए आई'. आज नुसतं 'आई' अशी हाक आली की दोघी ओ देत होतो.

म्हटलं, न जमायला काय झालं. फर्निचरवाल्याकडे जन्मभर कुशनं शिवली, अडून बसलेल्या स्प्रिंगा सरळ केल्या, एका माणसाचं काय एवढं.

विहीणबाईंनी चहाचा पहिला घोट घेतला आणि विचारलं, "'पलीकडचं बेट' बघता ना तुम्ही?"

"पहिल्या भागापासून."

"मग कंदीलवाला मेलेला आहे हे तुमच्या लक्षात आलंच असेल."

म्हटलं, "विहीणबाई, तो जिवंत आहे."

त्यांनी कप खाली ठेवला. पानं वाढेपर्यंत आमचं तेच चाललं होतं. चहा गार झाला तो झालाच.

४ नोव्हेंबर, मंगळवार

ज्याने ही मालिका पाहिली नाही त्याला आमचं भांडण वेड्यांचं वाटेल. सुनेला वाटतंच.

तर गोष्ट अशी. गावासमोर पाण्यात एक बेट. मेलेली माणसं तिथे राहतात. महिन्यातून एकदा धुकं उतरलं की एक होडी त्यांना गावात आणते. ती आपापल्या दारात जाऊन उभी राहतात, आतून कोणी हाक मारली तरच उंबरा ओलांडता येतो, आणि धुकं उठायच्या आत परत. मेलेल्यांची सावली पडत नाही, हा पहिल्याच भागात सांगितलेला नियम. आणि होडी वल्हवतो तो कंदीलवाला. तो स्वतः जिवंत की मेलेला, हे चार वर्षं झाली तरी सांगायला तयार नाहीत. जेव्हा बघावं तेव्हा त्याच्या पायाशी धुकं. सावली दिसणार कुठून?

विहीणबाईंचं म्हणणं, बेचाळीस भागांत त्याने पाण्याचा घोटसुद्धा घेतलेला नाही. माझं म्हणणं, त्याच्या कोटाचा उजवा कोपर दुसऱ्या वर्षी विरला आणि तिसऱ्या वर्षी तिथे ठिगळ आलं. मेलेल्यांचे कपडे बघा, जसे गेले तसेच कोरे. माझ्या हाताखालून हजार खोळी गेल्यात, झिजतं कसं ते मला कोणी शिकवू नये.

"ठिगळ हा पुरावा नाही," म्हणे. "कपडेपटाचा निष्काळजीपणा असेल."

असं बोलल्या की तळपायाची आग मस्तकात जाते. वर त्यांच्या फोनमध्ये 'बेटकरी' नावाचा गट आहे, दोनशे माणसं, सगळी या मालिकेच्या नादाची. त्यात औषधाचं दुकान चालवणारा एक जण, एक दंतवैद्य बाई, असे शिकलेले लोक. विहीणबाईंनी मालिकेची नियमावली लिहिली आहे, सत्तावीस नियम, आणि गटात ती शेवटचा शब्द मानतात. नियम नऊ: कंदीलवाला मृत आहे. म्हणाल्या, पुढचे अठरा नियम या नवव्यावर उभे आहेत, तो काढला तर सगळं खाली बसेल.

एवढी माणसं, आणि दुसरं काम नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

ऑपरेशन झालं. पाऊण तास लागला.

डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून समजावलं. डोळ्यात हवेचा फुगा सोडलाय. फुगा नेहमी वरच्या बाजूला चढतो. माणसाने मान खाली घातली की फुगा डोळ्याच्या मागच्या बाजूला जाऊन पडद्यावरचं भोक दाबून धरतो, आणि ते हळूहळू भरतं. म्हणून चौदा दिवस मान खाली. झोपायचं पालथं, बसायचं टेबलावर कपाळ टेकून. तासातली दहा मिनिटं मोकळीक, खाणं, मोरी, थेंब यासाठी. तेव्हाही नजर जमिनीवर, मान वर करायची नाही.

"नाही पाळलं तर?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, "दुसरा डोळा तर नाहीच आहे त्यांना."

एवढंच. बाकी मला कळलं.

थेंब: ४ वा., ६ वा., ८ वा. घातले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळभर फोम कापून कडं केलं, मध्ये भोक, म्हणजे तोंड आत जाऊन श्वास घेता येतो. शिवण बाहेरून घेतली, गालावर वळ उठू नये म्हणून. वर मऊ सुती खोळ. टेबलासाठी एक, पलंगासाठी एक. विहीणबाईंनी तोंड घातलं आणि आतून आवाज आला, "नाकाला अर्धा सेंटिमीटर कमी पडतंय."

उसवलं, वाढवलं. पाऊण सेंटिमीटर कमी पडत होतं, पण ते मी सांगितलं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज माझ्या नाकी नऊ आले.

दुपारपासून बघते तर विहीणबाई मोकळीक घेईचनात. पाणी नळीने पितात, थेंबांना तेवढी मान वळवतात, पुन्हा कड्यात तोंड. मी मनात म्हटलं, काय शहाणी बाई. सहाच्या थेंबांना म्हणाल्या, "विहीणबाई, टीव्हीसमोर खुर्ची मांडा."

"कशाला?"

"सकाळी आठपासून माझी तासाची दहा मिनिटं मी वापरलेली नाहीत. सातपर्यंत अकरा तास, एकशे दहा मिनिटं शिल्लक. भाग पन्नास मिनिटांचा. साठ मिनिटं तरीही उरतात."

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, ही काय शाळेची रजा आहे साठवायला? तर म्हणे, सूचनेत साठवू नये असं कुठे म्हटलंय. दवाखान्यात फोन लावला. सिस्टरने ऐकलं आणि फोनवर हात ठेवून आधी हसून घेतलं, मग म्हणाली, आजी, डोळ्याला बेरीज कळत नाही, अजिबात उठू देऊ नका. आणि फुगा असेतो त्यांना तसंही काही दिसणार नाही, नुसतं दुधात बघितल्यासारखं.

हे मी तसंच्या तसं सांगितलं. विहीणबाई कड्यातून म्हणाल्या, "मग तुम्ही सांगा. जे दिसेल ते. काही गाळू नका."

त्या टेबलाशी पालथ्या, टीव्हीकडे पाठ. मी शेजारी. सात वाजता सुरू झालं. ऐकू त्यांना येत होतं, दिसत मला होतं. मी सांगायला लागले, खानावळवाली बाई दारात आली, अंगात निळं जाड कापड, बाह्यांना दुहेरी शिवण, उजवी बाही लांबट...

"विहीणबाई, ती काय करतेय?"

"दारात उभी आहे, सांगितलं ना."

"चेहरा?"

"चेहरा आहे."

"कसा आहे?"

आता चेहरा कसा सांगायचा? कापड सांगता येतं. मी म्हटलं, धुऊन घट्ट पिळल्यासारखा. त्यावर त्यांनी कड्यात तोंड आणखी आत घातलं. मला वाटलं चिडल्या. पण म्हणाल्या, "हं. पुढे."

पन्नास मिनिटं बोलून घसा बसला. थेंब ८ वा.

९ नोव्हेंबर, रविवार

आज लिहायची हिंमत होत नाही. तरी लिहिते, कारण खोटं बोलले ते कुठेतरी लिहायला हवं.

आज कंदीलवाला पहिल्यांदाच खानावळीत शिरला. चार वर्षांत पहिल्यांदा छपराखाली. धुकं नाही. मागे टांगलेला दिवा. विहीणबाईंना संगीतावरूनच कळलं. "आता भिंत बघा," त्या म्हणाल्या, "भिंतीवरून नजर काढू नका."

नेमकी त्याच वेळी त्यांची पाण्याची नळी पेल्यातून निसटून टेबलाखाली गेली. मी वाकले, उचलली, वर बघते तो कंदीलवाला पुन्हा दाराबाहेर.

"पडली का सावली?"

बघितलं नाही असं म्हणायला काय झालं होतं मला? पण आठवडाभर माझ्या ठिगळाला कपडेपटाचा निष्काळजीपणा म्हणून म्हणून त्यांनी माझं डोकं पिकवलं होतं. तोंडातून निघून गेलं, "पडली. चांगली ठसठशीत."

आणि विहीणबाईंनी मान उचलली.

नुसती उचलली नाही, खुर्ची मागे सारून टीव्हीकडे वळून उभ्या राहिल्या. डोळा लालभडक, पाणी गळतंय, आणि बघतायत. तिथे तर साबणाची जाहिरात लागली होती. "कुठे आहे? कुठल्या भिंतीवर?" मी खांदे धरून खाली बसवायला गेले तर केवढा जोर त्या बाईत. दोन मिनिटं तरी गेली असतील. शेवटी मी ओरडले, "अहो, तो मेला काय नि जगला काय, तुमचा डोळा जाईल," तेव्हा बसल्या. कड्यात तोंड घातलं.

दवाखान्याचा फोन रविवारी कोणी उचलत नाही. सुनेला सांगितलं. ती पांढरी पडली. तशीच आईशेजारी जाऊन बसली.

थेंब ८ वा. घातले. दोनदा, कारण पहिला गालावर पडला.

१० नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन मिनिटांनी किती बिघडलं ते वीस तारखेलाच कळेल. पुन्हा होता कामा नये.

विहीणबाईंनी दुपारी मला फोन त्यांच्या तोंडाखाली धरायला लावला आणि गटाला निरोप बोलून पाठवला. शब्द जसे आठवतात तसे लिहिते. "कालच्या भागात कंदीलवाल्याची सावली पडली. नियम नऊ रद्द. त्यावर आधारलेले नियम नव्याने तपासावे लागतील. चूक माझी होती."

चार वर्षं धरून ठेवलेलं त्या बाईने एका वाक्यात सोडून दिलं. मी तर ठिगळासाठी आठवडाभर भांडले.

सांगून टाकावं असं ओठांवर आलं. पण सांगितलं आणि त्या पुन्हा उठल्या तर? संतापाच्या भरात माणूस मान खाली घालून थोडाच राहतो. वीस तारखेपर्यंत मूग गिळायचे असं ठरवलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

त्या गटात आग लागली आहे. दोनशेच्या दोनशे जण भिंत बघतायत. औषधवाल्याने तो प्रसंग थांबवून त्याचं चित्र पाठवलंय, भिंतीवर लाल गोल काढून: 'बाई, सावली कुठे आहे? इथे काहीच नाही.' दंतवैद्य बाईंनी लिहिलंय, दिवा अशा कोनात आहे की जिवंत माणसाची पडायलाच हवी होती, म्हणजे नियम नऊ उलट पक्का झाला. कोणी म्हणतं, बाईंना बरं नाही, सोडून द्या. हे वाचून मला फार लागलं.

म्हणजे मी नळी उचलत होते तेव्हा तिथे काही नव्हतंच.

विहीणबाईंना दिसत नाही, म्हणून दिवसा निरोप मीच वाचून दाखवते. आज वाचताना औषधवाल्याचं केलं, 'असेलही, बघायला हवं.' दंतवैद्य बाईंचं केलं, 'तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असणार.' त्या दोघांनी जन्मात एवढं सौम्य लिहिलं नसेल.

विहीणबाईंनी उत्तर बोलून पाठवलं: "मला सध्या दिसत नाही. हे माझ्या विहीणबाईंनी पाहिलं आहे. त्या खोटं बोलत नाहीत."

माझ्या हातात फोन होता. मीच तो निरोप पाठवला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मान ठीक. पाठ आखडली म्हणून तेल लावून दिलं. थेंब वेळेवर.

सकाळी ऑफिसला जाण्याआधी सून अर्धा तास आईजवळ जमिनीवर फतकल मारून बसते, त्यांचा फोन घेऊन. काय कुजबुजतात कोण जाणे. मायलेकींचं काहीतरी असेल, आपण नाक खुपसू नये.

विहीणबाई मात्र विचित्र वागतात. आज म्हणाल्या, "परवा तो औषधवाला नक्की काय म्हणाला? पुन्हा वाचा." मला माझंच आठवेना. म्हटलं, 'शक्य आहे, विचार करायला हवा.'

"परवा 'असेलही' होतं."

"नंतर बदललं त्याने."

"चांगला माणूस आहे," त्या म्हणाल्या, आणि कड्यात तोंड घालून कसला तरी आवाज काढला. मी घाबरून विचारलं, गुदमरताय का? तर म्हणे खोकला आहे. सर्दी झाली तर शिंक येईल, शिंकेने फुगा हलेल. या बाईपुढे हात टेकले. सुंठ उगाळून देणार होते, नको म्हणाल्या.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज ठरवूनच बसले होते, काही रंगवून सांगायचं नाही. त्या उसळून उठतील असं काही कानावर पडताच कामा नये.

आणि नेमकं आज त्या मालिकावाल्यांनी होडी पेटवली. भर पाण्यात. मेलेली माणसं एका कडेला, ज्वाळा, कंदीलवाला मधोमध. मी म्हटलं, "काही नाही, दोघं बोलत बसलेत."

"मग किंचाळतंय कोण?"

"जाहिरात आहे."

"कसली?"

"विम्याची."

"आणि मालिकेचं संगीत का वाजतंय मागे?"

"हल्ली करतात तसं."

टीव्हीतून 'होडी जळतेय, होडी जळतेय' असं कोणीतरी तीनदा ओरडलं. मी आवाज बारीक केला, तर म्हणाल्या, "विहीणबाई, आवाज वाढवा. आणि माझं ऐका. मी मान उचलणार नाही. त्या दिवशी उचलली, ती माझी चूक. पण मला दिसत नाही, म्हणजे मला झेपत नाही असं नव्हे. जे आहे ते सांगा."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. होडी पेटलीय म्हणून सांगितलं. ज्वाळा कुठून सुरू झाल्या, शीड कसं आधी काळं पडलं आणि मग एकदम गेलं, सगळं. त्यांनी टेबलाची कड घट्ट पकडली होती. बोटं पांढरी झाली, पण मान तसूभर हलली नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज मी डोळे फाडून बघितलं. पाण्याचा पेला लांब ठेवला, नळी दोऱ्याने बांधली.

होडी वाचली, शीड जळलं. कंदीलवाला किनाऱ्यावर बसून नवं शीड शिवतो. धुकं आहेच. त्याने जाडी सुई काढली. शिवणाऱ्याचा प्रसंग आला की मला राहवत नाही. म्हटलं, "टाके लांब घालतोय, वाऱ्याने उसवतील. अंगठ्याला टोपण नाही. दोरा ओवतोय. जात नाहीये. टोक फुटलंय. ओठांत धरून ओलं केलं. हां, गेला."

"थांबा," विहीणबाई म्हणाल्या. "ओठांत धरलं?"

"मग, ओलं केल्याशिवाय जातो का दोरा?"

"ओलं झालं?"

"झालं म्हणूनच गेला ना."

मग कड्यातून आवाज आला, "थुंकी. बेचाळीस भाग मी त्याच्या तोंडात पाणी जातं का बघत बसले. आतून येतं का, ते बघितलंच नाही."

लगेच गटाला निरोप: "नियम अठ्ठावीस, माझ्या विहीणबाईंचा. ज्याचा दोरा ओला होतो तो मेलेला नाही." मी म्हटलं, माझं नाव कशाला घालता, मला त्या वेड्यांत ओढू नका. तोवर निरोप गेला होता.

१७ नोव्हेंबर, सोमवार

औषधवाल्याने प्रसंग थांबवून चित्र पाठवलं. लाल गोल ओठांवर. 'खरंच आहे. आमच्यापैकी कोणालाच दिसलं नव्हतं. विहीणबाईंना नमस्कार.' हे मी जसंच्या तसं वाचून दाखवलं, बदलावं लागलं नाही. दंतवैद्य बाईंनी मृत माणसाच्या लाळेवर एवढं मोठं लिहिलं की मी मध्येच सोडून दिलं. दिवसभर फोन टुंग टुंग. स्वयंपाकाला उशीर. एकाने विचारलंय, तुमचे अजून काही सिद्धान्त आहेत का. आहे म्हणावं, चहा उकळून गेला की ओटा मलाच पुसावा लागतो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

भोक भरलं.

डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून बघितलं, पुन्हा बघितलं, आणि म्हणाल्या, छान बसलाय पडदा. कडा अगदी शिवल्यासारख्या जुळल्यात. सून रडली. विहीणबाईंनी विचारलं, "किती टक्के?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फुगा विरेल तसतसं वरून दिसू लागेल, दोन-तीन आठवडे. मान आता मोकळी.

मला कोणी काही विचारलं नाही, मी बाहेर जाऊन बाकावर बसले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सांगून टाकलं. सकाळी, सून गेल्यावर. विहीणबाई खिडकीशी ताठ बसल्या होत्या, पंधरा दिवसांनी ताठ. मी समोर उभी राहिले आणि म्हटलं, सावली पडली नव्हती. मी बघितलंच नव्हतं, नळी उचलत होते. गटातले निरोपही मी बदलून वाचले. तुमचा नियम माझ्यामुळे गेला, तुमचं हसं झालं, आणि डोळा जाता जाता राहिला.

मला वाटलं, आता बॅग भरतील. निदान बोलतील तरी.

"बरं," त्या म्हणाल्या. "चहा ठेवता?"

बारा दिवस माझा जीव कुरतडला, अन्न गोड लागलं नाही, आणि 'बरं'? मी म्हटलं, "अहो, गटात सांगा ना की मी खोटं बोलले. तुमचा नियम परत घ्या."

"मी तिथे लिहिलंय, माझ्या विहीणबाई खोटं बोलत नाहीत. ते मी खोडणार नाही."

"पण बोलले ना मी."

"नियमाला अपवाद असतो."

गणिताला अपवाद कुठून आला? एकतीस वर्षं मुलांच्या वह्यांत पाव गुण सोडला नसेल या बाईने, आणि स्वतःच्या नियमावलीत धडधडीत चूक ठेवतात. भुलीचा अंमल इतके दिवस राहतो का, विचारायला हवं.

चहा ठेवला. त्यांनी दोन कप घेतला.

२ डिसेंबर, मंगळवार

फुगा आता वाटाण्याएवढा राहिलाय म्हणे. तक्त्यावरची चौथी ओळ वाचली. दाराची चौकट मधे थोडी वाकलेली दिसते, ते सुधारेल. रविवारी आपल्या घरी जातील. थेंब दिवसातून दोनदाच.

घर एकदाचं शांत होईल. त्यांच्या घरच्या खुर्चीचं माप विचारून घेतलंय, फोम उरलाय म्हणून. 'बेट'चा शेवटचा भाग शनिवारी.

६ डिसेंबर, शनिवार

आज मी सगळं नीट मांडलं होतं. टीव्हीपासून सहा फुटांवर विहीणबाईंची खुर्ची, उजेड मागून, चष्मा पुसून हातात. मी बाजूला मटार सोलत बसले. आता माझं काय काम. घशाला आराम.

सुरू झालं. त्या ताठ बसून बघत होत्या. मी तोंड उघडलं नाही. कंदीलवाला वाळूतून चालतो, खानावळवाली येते, मला कितीदा वाटलं काही म्हणावं, तिच्या अंगावरचं कापड नवं होतं, पण म्हटलं ज्याला दिसतं त्याला कशाला सांगायचं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. विहीणबाई एकदा माझ्याकडे बघतात, एकदा टीव्हीकडे.

"गप्प का?" त्या म्हणाल्या.

"तुम्हाला दिसतंय ना आता."

"दिसतंय."

"मग?"

"दिसतंय, पण कळत नाहीये."

माझ्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. म्हटलं, असं कसं? चौथी ओळ वाचलीत परवा. डोकं दुखतंय का? चौकट वाकडी दिसतेय का? तर म्हणे, डोकं दुखत नाही, सगळं सरळ दिसतं, फक्त कळत नाही, तुम्ही सांगा. आता एवढ्या खर्चाचं ऑपरेशन, एवढे थेंब, चौदा दिवस पालथं पडणं, आणि शेवटी हे. पण वाद घालायची ती वेळ नव्हती, भाग चालू होता. मी मटार बाजूला ठेवले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला बसले. शेवटपर्यंत सांगत होते. कंदीलवाला मेलेला की जिवंत, ते त्या मेल्यांनी शेवटीही सांगितलं नाही, नुसता कंदील विझवला आणि संपवलं. चार वर्षं.

विहीणबाई म्हणाल्या, आता पहिल्या भागापासून पुन्हा बघायला हवं. आणि उद्या जायचं काही बोलल्या नाहीत. बरंच झालं, असा डोळा घेऊन मी एकटीला जाऊ देणार नव्हते.

सोमवारी नऊ वाजता दवाखान्यात फोन करायचा. 'सरळ दिसतं, पण कळत नाही', असंच सांगायचं सिस्टरला. पुन्हा हसली तर थेट डॉक्टरीणबाईंनाच द्यायला सांगायचं.

थेंब ८ वा. घातले.